पालघरचे धक्के: आपली घरं, मशिदी, दवाखाने किती तयार?

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसू लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका धक्क्याची तीव्रता ४ च्या वर गेली. कुटुंबांनी थंडीत तंबूंमध्ये रात्री काढल्या. घराबाहेर पळताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला. चर्चा काही दिवस झाली, मग विषय मागे पडला.

याच जिल्ह्यात जव्हार-मोखाडा आहे. वावरसारख्या गावांत लाकडी मेढी, कारवीचा कुड आणि शेणमातीचा लेप अशी घरं पिढ्यानपिढ्या उभी राहिली. हे घर हलकं. हादरलं तर लवतं. लेप पडेल, पण माणूस सहसा गाडला जात नाही. याच्या उलट किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड धाबी झोपलेल्या लोकांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली.

म्हणून काय कुडाच्या घरातच राहायचं? नाही. पण 'पक्कं' म्हणजे 'सुरक्षित' हा समज सोडायला हवा. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसी इमारती पडल्या. त्यातल्या अनेकांच्या खाली नुसत्या कॉलमवर मोकळं पार्किंग होतं. वर भिंतींचा ताठ डोलारा आणि खाली कमकुवत पाय! आपल्याकडे तर भूकंपाचीही गरज लागली नाही. २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाटा, २०२० मध्ये महाड आणि भिवंडी. या इमारती धक्क्याविनाच कोसळल्या.

इथे एक गोष्ट समजून घेऊ. साध्या इमारतीसाठी भूकंपाच्या नियमांचा हेतू माणसं वाचावीत एवढाच असतो. मोठ्या धक्क्यात इमारतीला तडे जाऊ शकतात, ती नंतर पाडावीही लागू शकते. दवाखान्याला मात्र एवढं पुरत नाही. धक्का बसल्यावर त्याच दिवशी तो चालू लागतो.

त्यावर उपाय आहे. भुजचं रुग्णालय २००१ मध्ये कोसळलं. नवं बांधताना पाया आणि इमारत यांच्यामध्ये रबर, पोलाद आणि शिसं यांचे पॅड बसवले. जमीन वेगाने हलते, पॅड ताणले जातात, शिसं धक्क्याचा जोर खातं आणि वरची इमारत सावकाश झुलते. तुर्कीत ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात पन्नास हजारांहून जास्त लोक दगावले. इस्केंदेरुनच्या सरकारी रुग्णालयाची इमारत कोसळली, पण पाया आणि इमारत यांच्यामध्ये धक्का शोषणारी यंत्रणा असलेलं अदानाचं मोठं रुग्णालय चालू राहिलं. त्याच देशात २०१८ मध्ये बेकायदा बांधकामं पैसे भरून कायदेशीर करून घेण्याची सवलत दिली होती. कागद नियमित झाला, कॉलम तसाच राहिला. आपल्या वस्त्यांनी यातून धडा घ्यावा.

घराला असे पॅड लागत नाहीत, परवडणारही नाहीत. पण काही गोष्टी तर आपल्या हातात आहेत. विटांच्या घराला पाया, दार-खिडकीच्या वर आणि छताखाली असे सलग आरसीसी पट्टे घ्या. कॉलमच्या रिंगा टोकांजवळ जवळजवळ बांधून घ्या आणि रिंगेचा आकडा ९० नाही, १३५ अंशांत आत वळलाय का, हे काँक्रीट ओतण्याआधी बघा. एकदा काँक्रीट पडलं की काही दिसत नाही. इंजिनिअरला न विचारता वर मजला चढवू नका.

हेच मशीद-मदरशालाही लागू. नमाजाचा हॉल मोकळा, मध्ये भिंती कमी, वर जड घुमट आणि उंच मिनार. अशा इमारतीला जास्तच हिशेब लागतो. ट्रस्टींनी चंद्याच्या पावतीबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशाही जमातीसमोर ठेवावा. जुम्म्याला शेकडो माणसं त्या छताखाली उभी असतात. हा पैसा अमानत आहे आणि ती माणसंही.

सरकारला आमचा प्रश्न साधा आहे. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयावर जव्हार-मोखाड्याचे पाडे अवलंबून आहेत. मोठा धक्का बसला तर त्याचं ऑपरेशन थिएटर दुसऱ्या दिवशी चालू असेल का? त्याची, आश्रमशाळांची आणि घरकुलांची तपासणी करून अहवाल लोकांसमोर ठेवा. धक्का तारीख सांगून येत नाही, तपासणीची तारीख मात्र ठरवता येते.