पाटी कोणाच्या दारावर?

लैंगिक अत्याचाराची एखादी भीषण घटना घडली की मोर्चे निघतात, बंद पाळला जातो, आणि फाशीच्या मागणीच्या जोडीला हल्ली आणखी एक मागणी ऐकू येते. अशा गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटणाऱ्याचे नाव चावडीवर लावा, त्याच्या वस्तीला कळवा, शाळेच्या आसपास त्याला राहू देऊ नका. या मागणीमागचा संताप खरा आहे. ज्या आईची मुलगी शाळेसाठी रोज दुसऱ्या गावी चालत जाते, तिच्या भीतीची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु संताप खरा असला म्हणून त्यातून निघालेला उपाय खरा ठरत नाही. कोणी कोठे राहावे हे ठरविण्याचा अधिकार गावाच्या हाती दिला तर गाव त्याचे काय करील, हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

गेवराई तालुक्यातील एका स्त्रीवर २०१५ साली चौघांनी बलात्कार केला. ती गप्प बसली नाही. तिने फिर्याद दिली, साक्ष दिली, पाच वर्षे दम धरला, आणि चौघांनाही जन्मठेप झाली. त्यानंतर २०२० च्या डिसेंबरात उघडकीस आले की, परिसरातील तीन ग्रामपंचायतींनी गावबंदीचे ठराव केले आहेत. कोणाच्या विरुद्ध? तिच्याच! न्यायालयाने ज्यांना दोषी ठरविले त्यांच्यापासून गावाला धोका वाटला नाही. ज्या स्त्रीने त्यांना तुरुंगात धाडले तिच्यापासून वाटला. अखेर तिला दाद मागण्यासाठी जिल्हा पोलीस अधीक्षकांचे दार ठोठवावे लागले.

असा ठराव करण्याचा कोणत्याही ग्रामपंचायतीला कवडीचा अधिकार नाही. देशात कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकाला दिले आहे. सराईत गुंडाला तडीपार करायचे तरी १९५१ च्या पोलीस कायद्याप्रमाणे त्याला नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि ती तडीपारी दोन वर्षांपलीकडे जात नाही. गावाला यातले काहीच लागले नाही. कारण 'गाव' हा शब्द जितका गोड, तितका फसवा. गाव म्हणजे ज्यांची जमीन, ज्यांची सोसायटी, ज्यांचा सरपंच. शिक्षा झालेल्यांचे भाऊबंद त्या गावात असतात. फिर्यादी बाईचे बहुधा कोणीच नसते.

बीडच्याच अंबाजोगाईत २०२१ च्या नोव्हेंबरात एका अल्पवयीन, विवाहित मुलीने सहा महिन्यांत सुमारे चारशे जणांनी अत्याचार केल्याचे सांगितले. दाद मागायला गेली असता एका पोलिसानेही तेच केले, असा तिचा आरोप होता. चावडीवरच्या कोणत्या यादीने या मुलीचे रक्षण झाले असते? तिचे लग्न कायद्याच्या वयाआधी लावणाऱ्यांची यादी कोणी मागितली होती काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की, बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो : नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचे वचन देणारा. निकाली निघालेल्या खटल्यांत शिक्षेचे प्रमाण मात्र जेमतेम पाव हिश्शाच्या आसपास घोटाळते. म्हणजे ज्याने साक्षीदार फोडले तो यादीबाहेर, आणि ज्याला वकील परवडला नाही तो यादीत. शिवाय आरोपी घरातलाच असला तर बापाचे नाव चावडीवर लागल्यावर मुलीचे नाव वेगळे लिहावे लागत नाही. पीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे. येथे तो गुन्हा पंचायतच करील. हे दिसत असताना दुसरी मुलगी तोंड उघडील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

पोलिसांनी नोंद ठेवण्यास कोणाची हरकत नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली, तेव्हाच तीत ४ लाख ४० हजार नोंदी होत्या, आणि ती तपास यंत्रणांपुरतीच खुली ठेवली गेली. वाद आहे तो ती चावडीवर टांगण्याचा. अमेरिकेने नेमके हेच १९९० च्या दशकापासून करून पाहिले. मायामीत शाळांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहण्यास बंदी आली, तेव्हा सुटलेली माणसे खाडीवरच्या पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली. मिनेसोटाच्या तुरुंग खात्याने पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात परतलेल्या २२४ जणांची प्रकरणे २००७ साली तपासली. राहण्याच्या बंदीमुळे टळला असता असा एकही गुन्हा त्यांत सापडला नाही.

आणि माहिती असल्याने गाव सावध होते, हे तरी खरे काय? बिल्किस बानो प्रकरणातील अकरा जन्मठेपेच्या कैद्यांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले, तेव्हा ते कोण आहेत हे साऱ्यांना ठाऊक होते. त्यांना पेढे भरविण्यात आले, हार घालण्यात आले. खटला मुंबईत चालला होता, शिक्षामाफीचा अधिकार महाराष्ट्राचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी सांगितले आणि त्यांना परत तुरुंगात पाठविले. ओळख पटविण्याची अडचण कोठेच नव्हती. अडचण होती ती जातधर्माच्या बळाची.

नाव नोंदवा, हजेरी घ्या, वस्ती ठरवून द्या : हा प्रयोग या मातीत नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी तो सुरू केला. बीड ज्या निजामाच्या राज्यात होते तेथेही तसा कायदा होता. पारध्याच्या पोराला जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, आणि सात वर्षांत मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणून नोंदवही पुन्हा उघडली. चोरी झाली की आष्टी-पाटोद्याच्या माळावरचा पारधी आजही पहिला संशयित ठरतो. उद्या बलात्कारितांच्या नावाने चावडीवर पाटी लागली, तर पहिले नाव कोणाचे लागेल आणि वाड्यातले कोणते नाव कधीच लागणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

मुळात या जिल्ह्यातील लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर गावात असतातच कोठे? उचल घेतलेली नवराबायकोची जोडी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाते. सहा महिने उसाच्या फडात, कोपीत काढते. पहाटेच्या अंधारात मोळी वाहणाऱ्या बाईला त्रास देणारा बहुधा मुकादमाचा माणूस असतो. उचल फिटेपर्यंत ती फड सोडू शकत नाही. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, ऊस कारखान्याचा. या बाईच्या दृष्टीने कोणत्या गावच्या चावडीवर पाटी लावायची?

मागायचेच तर हे मागावे : कामाच्या ठिकाणच्या छळासाठी २०१३ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायची स्थानिक समिती गळीत हंगामात फडावर गेली पाहिजे. राज्याचा साक्षीदार संरक्षणाचा कायदा २०१७ चा आहे. त्याचा लाभ खटल्यापुरता न राहता निकालानंतर गावात राहणाऱ्या बाईला मिळाला पाहिजे. सुटलेल्या कैद्यावर नजर ठेवण्याचे काम पोलिसांचे आणि परिविक्षा अधिकाऱ्याचे. ते त्यांनी करावे, आणि त्याला काम व पत्ता असेल हेही पाहावे, कारण पत्ता नसलेल्या माणसावर नजर ठेवता येत नाही. गावबंदीच्या ठरावावर सही करणाऱ्या सरपंचाचे पद गेले पाहिजे. आणि गेवराईच्या त्या ठरावांना हात वर करणाऱ्यांत कोणकोणत्या पक्षांची माणसे होती, हा प्रश्न प्रत्येक पक्षाच्या तालुका कचेरीत, समाजवाद्यांच्याही, विचारला गेला पाहिजे.