‘निरुपद्रवी’ हा शब्द जपून वापरावा

पेशीत प्रथिनांची घडण जितकी नियमबद्ध, तितकेच त्यांचे विघटनही. कोणते प्रथिन मोडावयाचे, हे युबिक्विटिन लायगेज ही विकरे ठरवितात. मानवी शरीरात त्यांचे ६००हून अधिक प्रकार आहेत. त्यांनी युबिक्विटिनची खूण जोडली, की प्रोटिअझोम त्या प्रथिनाचे तुकडे करते.

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ‘सुरक्षित’ म्हणून विक्रीस आलेले थॅलिडोमाइड असंख्य गर्भिणींनी घेतले. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेतले गेले, तोवर हजारो बालकांना हातापायांचे व्यंग जडले होते. हे औषध सेरेब्लॉन या लायगेजच्या घटकास चिकटते, हे २०१० मध्ये उलगडले. त्यामुळे गर्भाच्या घडणीस आवश्यक असे प्रथिनच मोडले जाते, हे २०१८ मध्ये. हाच गुण आज मल्टिपल मायलोमा या कर्करोगात उपयोगी पडतो.

अपाय आधी दिसला, कारण अर्धशतकाने. म्हणूनच ‘अपायाचे कारण दिसत नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. वनस्पतिज द्रव्यांनाही हाच न्याय लागू आहे. आमचे आग्रहाचे मत असे, की वैद्यांनी गर्भिणीस दिलेल्या प्रत्येक कल्पाची नोंद ठेवावी, संशयित उपद्रव औषधदक्षता केंद्रास कळवावा. आणि औषधनिर्मात्यांनी आधाराविना ‘निरुपद्रवी’ हा शब्द वेष्टनावर छापू नये.