धग हवेनं आवरायची, कोळसा ओतून नाही

थंडी पडली की आपल्या ग्रुपांवर तोच सल्ला फिरायला लागतो. "पिल्लं गारठतात, कोळसा वाढवा, पडदे गच्च बांधा." मंडळी, हा सल्ला निम्मा चूक आणि निम्मा जीवघेणा आहे. कोण काय म्हणेल ते म्हणो, मी आज स्पष्ट लिहिणार.

आधी तज्ज्ञ मंडळींना विचारतो. तुमच्या तक्त्यात असतं, पहिला आठवडा ९५ फॅरेनहाइट म्हणजे ३५ सेल्सिअस, मग दर आठवड्याला ५ फॅरेनहाइटनं उतरवा. तक्ता बरोबर आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण गॅस ब्रूडरला खटका असतो आणि बुखारीला नसतो. लोणारी कोळशावर हा ३५ चा आकडा रात्रभर कसा धरायचा, हे त्या तक्त्यात कुठं आहे? ते शेतकऱ्यावर सोडलंय. आणि शेतकरी काय करतो? झोपायच्या आधी घमेलंभर काळा कोळसा ओततो, खालचं दार सताड उघडं ठेवतो आणि जातो. काळा कोळसा आधी धग खातो, धूर सोडतो, शेड थोडं गार होतं. मग सगळा एकदम फुलतो. मध्यरात्री पिल्लं चोच उघडून धापा टाकतात, आणि पहाटे चार-पाचला, जेव्हा खरी थंडी असते, तेव्हा बुखारीत राख. सकाळी कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरलेली पिल्लं. मग म्हणायचं, हॅचरीचा माल खराब आला.

कोळसा म्हणजे नुसता साठा. तो किती वेगानं जळायचा हे ठरवते खालून आत जाणारी हवा. बुखारीचं खालचं दार दोन बोटं उघडं ठेवलं की एक धग, एक बोट ठेवलं की दुसरी. खूण करा दारावर खडूनं. आणि दार हलवलं की लगेच थर्मामीटरकडं बघू नका. फरक दिसायला अर्धा तास तरी जातो. पाच मिनिटांत "काहीच झालं नाही" म्हणून दार अजून उघडलं, की तासाभरानं आकडा नको तिथं पोचलेला असतो. थोडं हलवा, थांबा, मग बघा. चढताना आवरणं सोपं; एकदा सगळा कोळसा फुलला की त्याला मागं आणता येत नाही.

दुसरं, फट. ड्रमला चीर असेल, दार नीट बसत नसेल, तर दार बंद करून उपयोग नाही, हवा चिरेतून जातेच. चिकणमाती आणि राख कालवून लिंपा. पाच रुपयांचं काम नाही ते, पण कोणी करत नाही. भर घालायची वेळ आली की बाहेर दुसऱ्या शेगडीवर कोळसा पेटवून, वर पांढरी राख धरली की तो निखारा आत टाका. ओला कोळसा तर नकोच. आणि हजार पिल्लांना एक मोठी बुखारी करण्यापेक्षा दोन लहान बऱ्या, एक चुकली तरी दुसरी असते.

आता जीवघेण्या भागाकडं येतो. आत येणारी हवा कमी करा, पण धुराडं कधीही दाबू नका. हवा कमी पडलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणून हवा चांगली, असं समजणारे लोक आहेत. उलट फुललेला निखारा धूर न करता मारतो. धुराड्याशिवाय उघडी शेगडी ठेवून चारी बाजूंचे पडदे बांधायचे, वर राखणीला पोराला तिथंच झोपवायचं, हे मी बघितलंय. पिल्लांचं सोडा, पोराचं काय?

आमच्याकडं एका करारवाल्या कंपनीचा सुपरवायझर यायचा. "पडदा वीतभरही सोडू नका, ऊब जाते." ऊब जाते, बरोबर. पण वरची वीतभर फट सोडली नाही तर ओल साठते, तुसातून अमोनिया उठतो, डोळे चुरचुरतात. कोंदट हवेत वाढलेल्या पिल्लांना पुढं पोटात पाणी होतं, आणि ती मर आपल्या वजनातून कापली जाते, त्याच्या पगारातून नाही. फट सोडली तर कोळसा जास्त लागतो, हेही खरं. पोतंभर जास्त लागू दे.

कुणी म्हणेल गॅस घ्या. ज्याला परवडतो त्यानं घ्यावा, पण गॅसला हवा लागत नाही असं नाही. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ शेडमध्येच राहते. पडदा तिथंही सोडावाच लागतो.

थर्मामीटर डोळ्यांच्या उंचीवर टांगू नका. पिल्लू जमिनीवर राहतं, तुमच्या डोक्याशी नाही. पाठीच्या उंचीवर, गार्डच्या आत, बुखारीपासून थोडं दूर. पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच बुखारी पेटवा. हवा तासात तापते, फरशी आणि तूस नाही. बाकी पिल्लं सांगतातच. बुखारीला चिकटली तर गारठा, लांब पळाली तर ताप, सगळी एका बाजूला तर कुठून तरी झोत येतोय. पसरून बारीक चिवचिवत असली की दाराला हात लावू नका.

पुढची बॅच आली की रात्री दहा, एक आणि पहाटे चार, तिन्ही वेळचे आकडे दाराच्या बोटांसकट इथं टाकीन. तुमचेही टाका, फक्त पहाटे चारचा आकडा लपवू नका.