विश्लेषण : निवृत्तांची लाडकी इंग्लिश खेडी... शांतता मिळते, मग अडतं कुठे?

जुनं चर्च, एक पब, फुलांनी भरलेल्या बागा आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर चिटपाखरूही नाही. अशा खेड्यात निवृत्तीनंतर राहायला जाणं हे अनेक इंग्लिश लोकांचं स्वप्न असतं. पण साठीत सुखाचं वाटणारं हेच गाव ऐंशीत अवघड का होतं?

सर्वाधिक ज्येष्ठ कुठे?

२०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये ६५ आणि त्याहून जास्त वयाचे लोक १८.६ टक्के आहेत. पूर्व किनाऱ्यावरच्या नॉर्थ नॉरफोक जिल्ह्यात हेच प्रमाण ३३.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आहे. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात ते जेमतेम ५.६ टक्के आहे.

लोक तिथे का जातात?

हिशोब सोपा आहे. लंडन परिसरातलं घर विकलं की खेड्यात घर घेऊनही हाताशी पैसे उरतात. समुद्र जवळ, गर्दी नाही, फिरायला पायवाटा. निवृत्तांकडे वेळही असतो. पॅरिश कौन्सिल (साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखी, पण अधिकार बरेच कमी) आणि गावचा हॉल बऱ्याचदा तेच सांभाळतात. काही ठिकाणी तर बंद पडणारं दुकान किंवा पब गावकऱ्यांनी शेअर घेऊन वाचवला आहे.

मग अडचण काय?

पहिली अडचण प्रवासाची. नॉरफोकमधल्या होल्ट आणि वेल्स-नेक्स्ट-द-सी इथली प्रवासी रेल्वेसेवा १९६४ मध्ये बंद झाली. वेल्सहून नॉर्विचचं मोठं रुग्णालय सुमारे ५० किलोमीटरवर आहे. पेन्शनच्या वयाला बसचा मोफत पास मिळतो, पण खेड्यात बसच मोजक्या असतात. त्यामुळे सगळी भिस्त स्वतःच्या गाडीवर. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्सचं नूतनीकरण करावं लागतं. नजर अधू झाली आणि गाडी सुटली, की डॉक्टर, बँक, किराणा, सगळंच दूर जातं. जोडीदार गेला आणि गाडी तोच चालवत असेल, तर हे एका दिवसात घडतं.

काळजी घेणारे कुठे आहेत?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. उतारवयात आंघोळ घालायला, औषध द्यायला घरी येणारं माणूस लागतं. पण बाहेरून आलेले निवृत्त आणि सुट्टीपुरतं दुसरं घर घेणारे यांच्यामुळे घरांच्या किमती चढतात. केअर वर्करच्या पगारात त्या परवडत नाहीत, म्हणून तरुण गाव सोडतात.

ही उणीव परदेशी कामगारांनी काही काळ भरून काढली. २०२२ मध्ये केअर वर्करसाठी व्हिसा खुला झाला आणि भारतातूनही अनेक जण गेले. जुलै २०२५ पासून मात्र या कामासाठी परदेशातून नवी भरती बंद झाली आहे.

उपाय काय सुरू आहेत?

कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्जनं २०१६ मध्ये सार्वमत घेतलं. नवी घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत, या बाजूनं ८० टक्क्यांहून अधिक मतं पडली. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलना दुसऱ्या घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावता येतो. पण यातून कामगारांसाठी परवडणारी घरं आपोआप उभी राहत नाहीत. ती बांधायची म्हटलं की गावाची शांतता जाईल, म्हणून अनेकदा गावातूनच विरोध होतो.

खरा पेच इथे आहे. आज गावाबाहेरच्या शेतात होऊ घातलेल्या वीस घरांना विरोध करणाऱ्या ६५ वर्षांच्या रहिवाशाला, पंधरा वर्षांनी त्याच घरांत राहणारी केअर वर्कर लागणार आहे.