चिमूरची खासदारकी आणि आजचा कार्यकर्ता

१९९८ मध्ये महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार लोकसभेत गेले, हे नव्या कार्यकर्त्यांना आज सांगावे लागते. अकोल्यातून अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले आणि आपल्या चिमूरमधून प्रा. जोगेंद्र कवाडे. चारही मतदारसंघ खुले! आपला माणूस राखीव जागेवरच चालतो, हा प्रस्थापितांचा समज त्या निकालाने खोटा पाडला. काँग्रेसशी युती होती म्हणून हे जमले, हेही तितकेच खरे.

कवाडे सर नेते झाले ते नामांतराच्या रस्त्यावर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला, मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, आणि ११ नोव्हेंबर १९७९ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. पोलिसांनी तो वाटेत अडवला, लाठ्या चालवल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. लढा जवळपास सोळा वर्षे चालला. खासदारकी मात्र वर्षभरातच आटोपली. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले, लोकसभा बरखास्त झाली. पुढच्या दोन्ही निवडणुकांत चिमूर भाजपने घेतले.

दोष एकट्या नेत्याचा नाही. मोर्चाला हजारोंनी निघणारे आपण. तालुक्याला बारमाही कार्यालय चालवायचे म्हटले की गटागटांत वाटले जातो.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, २००९ पासून, गडचिरोली-चिमूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. तो आदिवासी बांधवांचा हक्क आहे. त्यावर कुरकुर करणाऱ्याला मी आंबेडकरवादी म्हणणार नाही. मग आपल्या कार्यकर्त्याने करायचे काय? वकील म्हणून माझे उत्तर सरळ आहे: वनहक्काचे दावे हाती घ्यायचे.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. बौद्ध शेतकरी ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतो. त्याला ताब्याबरोबरच त्या तारखेआधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. म्हणजे थेट १९३० गाठायचे! ज्याच्या आजोबाचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही, त्याने हा कागद आणायचा कुठून? पण नियम १३ नुसार गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावाच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक पुरावा लागतो. अमुकच कागद आणा, असा हट्ट २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीला धरता येत नाही. हे किती दावेदारांना कोणी समजावून सांगितले?

दाव्याची पहिली पायरी ग्रामसभा. तिथे गोंड, माना आणि बौद्ध एकत्र बसले तरच दावा पुढे सरकतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने ग्रामसभेच्याच बळावर २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. चिमूर, नागभीड, सिंदेवाहीच्या गावांत जुने सांगू शकणारी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांचे जबाब लिहून घ्यायला शिकलेली पोरे हवीत. तिकिटाच्या रांगेतली दहा जरी तिकडे वळली, तरी एका पावसाळ्यात बरेच काम होईल. जबाब देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.