उभं राहू नका, हिशेब मागा

शाळांचे विश्वस्त, मुख्याध्यापक, शिक्षक, पालक, पाळक, पंच आणि रविवारी चर्चच्या बाकांवर बसणारे आपण सगळे, यांच्यासाठी



17 ऑक्टोबरला, जागतिक दारिद्र्य निर्मूलन दिनी, आपल्या भागातल्या चर्चशेजारच्या एका शाळेत काय घडलं ते तुमच्या कानावर आलंच आहे. मैदानात मुलं रांगेने उभी केली. गरिबीविरुद्ध शपथ झाली. मग ‘गरजू विद्यार्थी’ म्हणून अकरा नावं माइकवरून पुकारली. सातवीतल्या एका मुलीला नवा गणवेश छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. तिने मान खाली घातली, तेव्हा एका पाहुण्याने तिची हनुवटी धरून वर केली. त्या मुलीची आई त्याच शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवते. त्या दिवशी तिचं तीन महिन्यांचं मानधन थकलेलं होतं.

संताप सगळ्यांनाच आला. पण तो सगळा पाहुण्यावर निघाला आणि तिथेच विरला. माणूस उर्मट होता, पुढच्या वर्षी दुसरा बोलवू, असं ठरलं. म्हणजे पुढच्या वर्षी सभ्य माणसाच्या हस्ते तेच होणार. म्हणून हे पत्रक काढावं लागलं.

गरिबी वाईट आहे हे तुम्हाला पटवायची गरज नाही. आपल्यापैकी निम्म्या घरांना ती आजोबांपासून माहीत आहे. बोलायचं आहे ते एकाच गोष्टीबद्दल: वाटपाच्या सोहळ्याबद्दल. वर्षातून एकदा मुलांना उभं करायचं, शपथ द्यायची, जुने कपडे आणि वह्या गोळा करायच्या, घेणाऱ्यांना मंचावर आणायचं आणि फोटो काढायचा. या सोहळ्याने शाळेला आणि चर्चला गरिबीविरुद्ध लढल्याचं समाधान मिळतं आणि लढायचं राहूनच जातं. तो सुधारण्यासारखा नाही. तो बंदच झाला पाहिजे.

हा दिवस आला कुठून, ते आधी पाहा. 17 ऑक्टोबर 1987 रोजी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात एक लाखाहून अधिक माणसं जमली. त्यांना बोलावणारे फादर जोसेफ रेसिन्स्की स्वतः दारिद्र्यात वाढलेले. माणसाला दारिद्र्यात जगायला लावणं म्हणजे त्याच्या हक्कांवर घाला, हे त्या दिवशी तिथल्या दगडावर कोरलं गेलं. संयुक्त राष्ट्रांनी 1992 मध्ये हा दिवस जगासाठी जाहीर केला. सुरुवातीपासूनच हा दिवस गरिबांनी बोलण्याचा आणि बाकीच्यांनी ऐकण्याचा होता. आपण तो उलटा केला. आपल्याकडे बोलतो पाहुणा, आणि गरिबाने फक्त नाव पुकारल्यावर पुढे यायचं.

नुसतं उभं राहण्याचा प्रयोग जगाने करून पाहिला आहे. 2006 पासून काही वर्षं दर ऑक्टोबरला जगभर शाळांत, चर्चमध्ये, मैदानांवर माणसं गरिबीविरुद्ध उभी राहिली आणि त्यांची मोजणी झाली. पहिल्या वर्षी 2 कोटी 35 लाख. 2009 मध्ये 17 कोटी 30 लाख. जागतिक विक्रम झाला. त्याच 2009 मध्ये अन्न व कृषी संघटनेने जगातल्या भुकेल्यांचा जो अंदाज जाहीर केला, तो शंभर कोटींच्या वर होता. उभं राहिल्यामुळे भूक वाढली, असं कोणीही म्हणणार नाही. ती वाढली धान्याच्या भडकलेल्या भावांनी आणि बँकांच्या कोसळण्याने. पण धान्याचा भाव ठरवणाऱ्याला मैदानात किती जण उभे आहेत याची फिकीर का वाटावी? त्याच्याकडे कोणी काही मागितलंच नव्हतं.

आता दुसरं उदाहरण घ्या, तेही चर्चचंच. लेवीयच्या 25 व्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा नियम आहे: विकली गेलेली जमीन मूळ मालकाकडे परत जायची, विकला गेलेला माणूस मोकळा व्हायचा. गेल्या शतकाच्या शेवटी चर्चशी जोडलेल्या लोकांनी हा नियम गरीब देशांच्या कर्जाला लावला आणि ‘ज्युबिली 2000’ चळवळ उभी केली. मे 1998 मध्ये बर्मिंगहॅमला श्रीमंत देशांचे नेते जमले, तेव्हा सुमारे सत्तर हजार माणसांनी साखळी धरून शहराच्या मध्यभागाला वेढा घातला. जगभरातून 2 कोटी 40 लाख सह्या झाल्या. त्यांनी आफ्रिकेसाठी जुने स्वेटर गोळा केले नाहीत. कोणत्या देशाचं किती कर्ज, त्यावर किती व्याज, आणि ते फेडताना किती शाळा बंद पडतात, याचा हिशेब त्यांनी मांडला. पुढच्या वर्षी कोलोनच्या बैठकीत कर्जमाफी वाढवावी लागली. कर्जाचा भार हलका होऊ लागल्यावर टांझानियाने 2001 मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली आणि जी मुलं कधी वर्गात आलीच नसती, ती लाखांनी आली. सगळं कर्ज माफ झालं नाही, गरिबीही संपली नाही. पण हिशेब मागितला की काहीतरी हलतं, हे सिद्ध झालं.

जग दूर वाटत असेल, तर शाळेच्या स्वयंपाकघरापर्यंत चला. खिचडी शिजवणाऱ्या बाईला महिना 1000 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने, असा दर केंद्राने 2009 मध्ये ठरवला. महाराष्ट्रात तो वाढत वाढत 2023 मध्ये 2500 झाला. 2023 चा तो दर तीस दिवसांनी भागा. दिवसाला 83 रुपये होतात. आणि त्यात तांदूळ निवडणं, चूल सांभाळणं, शेदोनशे मुलांना वाढणं, भांडी घासणं, सगळं आलं. मंचावरच्या एका पाहुण्याच्या शाल-श्रीफळाला यापेक्षा जास्त खर्च येतो. जी संस्था असल्या तुटपुंज्या पैशांत बाई राबवते आणि तिचेच पैसे थकलेले असताना तिच्या लेकीला गणवेश ‘दान’ करते, ती गरिबीविरुद्ध उभी आहे, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

बायबल हातात घेणाऱ्यांना तर सबबच नाही. लेवीयच्या 19 व्या अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायला मनाई आहे. रात्रभर! इथे महिने जातात. याकोबाच्या पत्रात दडवलेल्या मजुरीची हाक थेट देवापर्यंत पोहोचते. आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, की दान करताना पुढे शिंगं फुंकू नका, डाव्या हाताला उजव्याचं कळू देऊ नका. आपण हा उतारा रविवारी वाचतो आणि सोमवारी फ्लेक्स छापायला टाकतो.

पुढचा मुद्दा तारखेचा. ऑक्टोबर हा कोणता महिना आहे? पाथर्डी, शेवगाव, आष्टी, पाटोदा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तो हा हंगाम. मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीच पैसे, घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात. हंगाम संपला आणि उचल शिल्लक राहिली, तर ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे 82 हजारांपैकी 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडू नये, हे त्यामागचं एक कारण त्या बायकांनीच सांगितलं.

टांझानियाचं कर्ज आणि पाटोद्याची उचल यांच्यात फरक फक्त शून्यांचा आहे. दोन्हीकडे घेणारा अडलेला असतो, अटी देणाराच ठरवतो, आणि फेड पोरांच्या शाळेतून होते. जागतिक गरिबी म्हणतात ती हीच. ती समजावून सांगायला नकाशा लागत नाही, हजेरीपट पुरतो. दिवाळीनंतर कोणाच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागते, ते प्रत्येक वर्गशिक्षकाला ठाऊक असतं. म्हणजे आपण गरिबीविरुद्ध शपथ देतो तेव्हा तिने ज्यांना गाठलं आहे ती मुलं फडाकडे निघायच्या बेतात असतात, आणि पाठीमागे कोणी त्यांचं नावही घेत नाही.

आता नेहमीची उत्तरं.

‘निदान काहीतरी होतं ना.’ होतं ते असं, की अकरा मुलांना वर्गासमोर गरीब ठरवलं जातं आणि बाकीची मुलं आपण देणारे आहोत हे शिकतात. मूल हे विसरत नाही. गणवेश वर्षात फाटतो.

‘देणगीदाराला फोटो लागतो.’ मग तो देणगीदार नाही, गिऱ्हाईक आहे, आणि विकलं जातंय पोरांचं तोंड. अशा देणगीशिवाय शाळा चालत नसेल, तर पालकसभेत तसं उघड सांगा. पालक वर्गणी काढतील, आजवर काढत आलेच आहेत.

‘मानधन सरकारकडून येतं, आम्ही काय करणार?’ पाहुण्याला आमंत्रण द्यायला तीन वेळा जाता, तेवढ्या वेळा पंचायत समितीत जा. व्यवस्थापन समितीचा ठराव करा. तोवर संस्थेच्या पैशातून उसने द्या. ज्यांना करायचं आहे त्यांना हे सगळं करता येतं.

‘शाळेने आणि चर्चने राजकारणात पडू नये.’ हे ऐकून खरोखर चीड येते. नगरच्या मिशनमध्ये सिंथिया फरार मुलींची शाळा चालवत होत्या. ती पाहून जोतीरावांनी 1848 मध्ये पुण्यात शाळा काढली, आणि सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. त्या काळी मुलींना शिकवण्याइतकं राजकीय दुसरं काही नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी जमीन आणि पाणी ओरबाडणाऱ्यांसमोर उभे ठाकले. हा आपला वारसा आहे. वार्षिक सोहळ्यात त्यांच्या तसबिरींना हार घालायचे आणि त्यांनी केलं ते करायचं नाही, हे आता पुरे.

‘चर्चने गरिबांत काम केलं की धर्मांतराचा आरोप होतो.’ ही भीती खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. पण नीट विचार करा: आरोप चिकटतो तो वाटपाला. हातात पिशवी दिसली की विचारणारा विचारतो, बदल्यात काय घेतलं? तालुक्यातल्या सगळ्या शाळांमधल्या सगळ्या स्वयंपाकी बायांचं मानधन वेळेवर द्या, अशी मागणी चर्चने केली, तर त्यात कोणाचा धर्म बदलतो? हक्काच्या मागणीला आमिष म्हणणं अवघड असतं. वाटप सोडणं हेच त्या आरोपाला सर्वांत चोख उत्तर आहे.

तेव्हा मागण्या अशा:

1. मंचावरचं वाटप, नावं पुकारणं आणि मुलांचे फोटो आजपासून बंद. गणवेश-वह्या द्यायच्या तर शाळा सुरू होताना, गाजावाजा न करता, घरच्यांच्या हाती.

2. शाळेच्या आणि चर्चच्या आवारात काम करणाऱ्यांचं वेतन पदनिहाय फलकावर लावा: स्वयंपाकी, मदतनीस, सफाई कामगार, रखवालदार, शिक्षणसेवक. किती ठरलं, किती दिलं, कोणत्या तारखेला दिलं. थकलं असेल तर दर महिन्याला ठराव आणि पत्र, आणि पत्राची प्रत पालकांना.

3. टोळ्या निघण्याआधी शाळेने जाणाऱ्या मुलांची यादी करून हंगामी वसतिगृहाची मागणी करावी. चर्चच्या रिकाम्या खोल्या त्यासाठी सहा महिने उघडाव्यात.

4. उपकारस्तुतीच्या अर्पणातला ठरलेला वाटा बिनव्याजी कर्जासाठी राखावा, कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही जातीच्या घरासाठी. आजारपणाला आणि बियाण्याला हजार-दोन हजार हाताशी असले, तर उचल तेवढी कमी घ्यावी लागते.

5. आठवीपासून पुढे गणिताच्या तासाला उचलीचा आणि व्याजाचा हिशेब शिकवावा, आणि मुलांनी तो मांडून आमदार-खासदारांना पत्रं लिहावीत.

शिक्षकांनो, पुढच्या वेळी ‘गरजूंची’ यादी वाचायला सांगितली तर नकार द्या. पंचांनो, त्या मंचावर बसू नका. पालकांनो, तुमच्या मुलाचं नाव पुकारलं तर त्याला जागेवरच बसू द्या. आणि या महिन्याच्या पालकसभेत, चर्चच्या सभेत, एकच प्रश्न विचारा: आवारात राबणाऱ्या प्रत्येकाला मागच्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला मिळाले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर मिळेपर्यंत सभा संपू देऊ नका.