लंगोट धुणार कोण?

बहरीनमधल्या मराठी घरात सातवा महिना लागला की बाळाच्या तयारीच्या गप्पा फिरून फिरून एकाच प्रश्नापाशी येतात: लंगोट की डायपर? नाशिकहून किंवा कोल्हापूरहून आजीचा फोन येतो, "जुन्या सुती साड्या फाडून ठेवल्यात, येताना लंगोट आणि दुपटी घेऊनच येते." शेजारची मैत्रीण म्हणते, त्या फंदात पडू नकोस, सरळ डायपरचे मोठे पॅक आण. त्यातच मुंबईच्या सुपरबॉटम्ससारख्या कंपन्यांनी बटणांचे, आत जाड घडी घालायचे कापडी डायपर काढलेत.

माझं मत आधीच सांगते. बाळ घरात असताना दिवसा कापड वापरावं, रात्री आणि बाहेर जाताना डायपर घालावा. पण हे ठरवायचं ते ज्यांच्या हाताला साबण लागणार आहे त्यांनी. आजीने नव्हे, मैत्रिणीनेही नव्हे.

कापडाविरुद्ध इथे पहिला मुद्दा निघतो तो पाण्याचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. या बेटावर एकेकाळी गोड्या पाण्याचे झरे वाहत होते. अधारीच्या झऱ्यावरून इथे म्हणच आहे, की अधारी लांबच्यांना पाजते आणि जवळच्यांना तहानलेलं ठेवते. तो झरा आटला, उपसून उपसून जमिनीखालचं पाणी खारट झालं, आणि आज नळाला येणारं बहुतेक पाणी हिद, अल दूर अशा ठिकाणी खारं पाणी गोडं करून पाठवलेलं असतं. त्यासाठी लागणारी वीज नैसर्गिक वायू जाळून तयार होते. मग लंगोट धुऊन निसर्ग वाचतो हे कितपत खरं?

हिशेब करून पाहू. पुढून उघडणारं मशीन एका धुण्याला साधारण ५० ते ६० लिटर पाणी घेतं. दिवसाआड एक धुणं धरलं तर महिन्याचं पाणी हजार लिटरच्या आत राहतं. समुद्राचं हजार लिटर पाणी आरओने गोडं करायला तीन ते चार युनिट वीज लागते. पाणी उकळून वाफ धरण्याच्या जुन्या पद्धतीत ऊर्जा त्याहून बरीच जास्त जाते, पण तो फरक धरूनही आता ड्रायरकडे बघा. भरलेला साधा ड्रायर एका फेऱ्यात तीनेक युनिट सहज खातो. महिनाभराच्या लंगोटांचं पाणी आरओतून काढायला जेवढी वीज, जवळपास तेवढी ड्रायर एका दुपारी संपवतो! पाण्याची काळजी असणाऱ्यांनी आधी ड्रायर बंद करावा.

ब्रिटनमध्ये २००८ साली सरकारसाठी झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. एका बाळाचा अडीच वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा सरासरी वापरात कापड आणि डायपर कार्बनच्या बाबतीत जवळजवळ बरोबरीत आले. दोरीवर वाळवलं, मशीन पूर्ण भरून लावलं, दुसऱ्या बाळालाही तेच वापरलं, की कापड खूपच सरस ठरलं. नेमाने ड्रायर लावला की मागे पडलं. २०२३ च्या नव्या अभ्यासात कापडाचा कार्बनचा भार सुमारे २५ टक्के कमी निघाला.

वाळवण्याच्या बाबतीत बहरीन वर्षातले बरेच महिने उदार असतं. जूनमध्ये शमालचा कोरडा वारा सुटतो तेव्हा साडीचा पातळ लंगोट बघता बघता वाळतो. धूळ उडत असेल तेवढी काळजी घ्यायची. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाखालीही हात जपून धरावा लागतो, त्यामुळे धुण्यासाठी वेगळं पाणी तापवायचा खर्च नाही. परीक्षा होते ती ऑगस्ट-सप्टेंबरात. हवा दमट, कितीतरी इमारतींत बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई, म्हणून स्टँड हॉलमध्ये एसीच्या झोतासमोर उभा. बटणांच्या डायपरची जाड घडी वरून हाताला कोरडी लागते आणि शिवणीपाशी चिमटीत दाबली की आतला ओला गारवा कळतो. तशीच घातली तर कुबट वास येतो आणि बाळाच्या मांड्या लाल होतात. आजीचा तिकोनी लंगोट त्याच स्टँडवर रात्री टाकला तर सकाळी घडी करायला तयार असतो. या बेटावरच्या दमट महिन्यांत जुन्या सुती साडीला तोड नाही.

कापडाचा आणखी एक फायदा आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून किमान सहा वेळा शू झाली तर बाळाला दूध पुरतंय, असं डॉक्टर सांगतात. लंगोटात प्रत्येक शू कळते, डायपरमध्ये तो हिशेब धूसर होतो. उलट रात्री डायपरचा कोरडेपणाच उपकारी ठरतो. ओला लंगोट तासन्‌तास अंगाला राहिला तर त्वचेचे हाल डायपरपेक्षा वाईट होतात. तेव्हा रात्री उठून बदलणं जमत नसेल तर आईने बाळाला डायपर घालावा आणि मनाला लावून घेऊ नये.

"आमच्या वेळी कुठे होते डायपर?" हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, मग धूत कोण होतं? बाळंतिणीची आणि बाळाची बाळोती धुणारी बाई बऱ्याचदा घरातली नसायची. कित्येक गावांत सुईणपण आणि त्यामागची सगळी घाण काढणं मातंग समाजातल्या बाईच्या माथी मारलेलं होतं. शहरात ते मोलकरणीकडे गेलं. जिथे बाहेरची बाई परवडत नव्हती तिथे धाकटी जाऊ, नणंद, नाहीतर सव्वा महिना व्हायच्या आत स्वतः बाळंतीण. आजोबांनी लंगोट पिळल्याची आठवण मला फारशी कुणी सांगितलेली नाही.

बहरीनमध्ये घरात राहणारी मदतनीस असेल तर हीच वाटणी पुन्हा होते. पर्यावरणासाठी कापड वापरतो असं आपण सांगायचं आणि बादलीत हात तिचे. तिला न विचारता, तिचं वाढलेलं काम न मोजता घेतलेला असा निर्णय मला अजिबात मान्य नाही. काम वाढलं तर पगार वाढला पाहिजे, आणि शी घरच्यांनीच संडासात झटकून, खळबळून मग लंगोट बादलीत टाकावा.

मदतनीस नसेल तर वेळेचं गणित बघा. इथल्या २०१२ च्या कामगार कायद्याने आईला ६० दिवसांची भरपगारी रजा मिळते, बापाला एक दिवस. आजी व्हिजिट व्हिसावर असते तोवर घड्याळासारखं चालतं. तिचं विमान उडालं आणि आईची रजा संपली, की लंगोट कपाटात जातात. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे, तिथे हातच कमी पडतात. म्हणून बाळ येण्याआधी नवरा-बायकोने बसून बोलावं. संध्याकाळचं धुणं नवऱ्याने घ्यावं, "मदत" म्हणून नव्हे, रोजचं काम म्हणून. ते जमणार नसेल तर डायपर वापरावा.

डायपरने धुणारे हात वाचतात, उचलणारे वाचत नाहीत. अडीच वर्षांत एका बाळाला चार हजारांच्या आसपास डायपर लागतात, आणि बहरीनचा घरगुती कचरा अस्करच्या कचराभूमीत जातो. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायका वापरलेली पॅड आणि डायपर गुंडाळून द्या, हे वर्षानुवर्षं सांगत आल्या. भारतात २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते बंधनकारकही केलं. इथे पिशवी उचलणारा कामगार बहुतेक वेळा आपल्याच उपखंडातला असतो. शी संडासात, डायपर घट्ट गुंडाळून, एवढं त्याच्यासाठी करावंच.

घ्यायचे किती? साडीचे दोन डझन लंगोट पुरतात. बटणांचा कापडी डायपर आधी एकच आणावा, सप्टेंबरात घरात वाळवून पाहावा, मग बाकीचे घ्यावेत. धुताना सॉफ्टनर घालू नये, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. आणि बाळ मोठं झालं की चांगल्या स्थितीतले लंगोट उकळून, उन्हात वाळवून पुढच्या घरी द्यावेत. बाळाला पहिलं झबलं जुनंच घालायची रीत आपल्याकडे आहेच.